रोबोट अडला की कोण धावतं?

पत्र थोडक्यात असं: ऐरोलीच्या एक वाचक, वय चौतीस, महापेच्या एका कंपनीत प्रोग्रामर आहेत. भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये रॅक उचलून फिरणारे चाकांचे रोबोट आहेत. त्यांतल्या कुणी कधी, कुठल्या वाटेने जायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर यांची टीम सांभाळते. रात्री मुलगी झोपली की त्या मराठीत कादंबरी लिहितात. काळ २०४१, ठिकाण नवी मुंबई. पात्रं म्हणजे प्रोग्रामर, गोडाऊनचे कामगार आणि रोबोटांचा एक ताफा. नवव्या प्रकरणात त्या ताफ्याचं सॉफ्टवेअर ‘जिवंत’ होतं आणि तिथेच गाडी अडली आहे. लेखन-गटातले म्हणतात, “सायबरपंक म्हणजे टोकियो, हाँगकाँग. पामबीच रोडवर कसलं आलंय सायबरपंक?” नवराही आयटीतलाच. तो म्हणतो, तुझं लिहून होईपर्यंत तंत्रज्ञान पुढे गेलेलं असेल आणि एआय असली कादंबरी एका रात्रीत लिहून देईल. त्यातून कादंबरीतला सुपरवायझर एका खऱ्या माणसावर बेतलेला आहे, आणि कंपनीला कळलं तर काय ही धास्ती वेगळीच. त्यांचा प्रश्न आहे: “नोकरी सहा महिने सोडून हे नीट करू, इंग्रजीत लिहू, की नादच सोडू?”

तुमच्या पत्रातल्या प्रश्नांपेक्षा मी एका परिच्छेदावरच जास्त रेंगाळले. तो तुम्ही जाता जाता, कंसात टाकला आहे. बाकीच्या वाचकांसाठी तो इथे देते:

“पावसाळ्यात फोर्कलिफ्टच्या चाकांबरोबर डॉकवरून चिखल आत येतो आणि जमिनीवरचे क्यूआर स्टिकर माखतात. रोबोट त्यावर आला की लाल दिवा लावून जागीच उभा राहतो. सुपरवायझर आधी बटण दाबून त्या भागातले सगळे रोबोट थांबवतो, मग आत जातो. खिशात त्याचं ठरलेलं फडकं असतं, जुन्या बनियनचं. स्टिकर पुसतो, रोबोटला मागून रेटत बरोबर त्याच्यावर आणतो आणि म्हणतो, ‘चल रे बाबा, साहेब बघतायत.’ साहेब म्हणजे आम्ही. महाप्याला, स्क्रीनसमोर.”

अहो, हे कंसात कशाला?

या प्रकारचे रोबोट ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपल्यासारखा रस्ता त्यांना दिसत नाही. पोटाखालचा कॅमेरा जमिनीवर ठरावीक अंतराने चिकटवलेले चौकोनी स्टिकर वाचतो, आणि आपण पटावरच्या कुठल्या घरात आहोत ते त्यावरून रोबोटला कळतं. स्टिकर माखला की तेच कळेनासं होतं. तो थांबतो, त्याच्या मागचे थांबतात, आणि पलीकडे टेबलाशी माल वेचत उभ्या असलेल्या पिकरचा तासाचा आकडा घसरायला लागतो. संध्याकाळी त्या आकड्याचा जाब पिकरला द्यावा लागतो. रोबोटला कोण विचारणार?

आता तुम्ही पाठवलेला प्रकरणवार सारांश काढून बघा. त्यात सुपरवायझर आहे, फडकं नाही. २०४१च्या तुमच्या गोडाऊनमध्ये आरशासारखी फरशी आहे, आपली दुरुस्ती आपणच करणारे रोबोट आहेत आणि हवेत तरंगणारे पडदे आहेत. जे रोज डोळ्यांनी बघता ते गाळून सिनेमात बघितलेलं भरलंय तुम्ही. कादंबरी नवव्या प्रकरणात अडली असं तुम्हाला वाटतं. मला विचाराल तर ती पहिल्यातच अडली होती, नववं येईपर्यंत ते जाणवलं नाही इतकंच.

तुमच्या लेखन-गटाचं बघू. मी नौपाड्यात वाढले आहे, त्यामुळे नवी मुंबईला नावं ठेवण्याचा ठाणेकरांचा जन्मसिद्ध हक्क मी काही सोडणार नाही. पण हा आक्षेप निव्वळ आळशी आहे. वरच्या मजल्यावर झकास तंत्रज्ञान आणि तळमजल्यावर तीच ती ओढाताण, हा सायबरपंक नावाच्या या विज्ञानकथांचा गाभा. निऑनचे दिवे नि न थांबणारा पाऊस ही सजावट झाली. (पावसाचं म्हणाल तर आपल्याला कुणाकडून उसना आणायला नको.)

या प्रकारातली सर्वांत गाजलेली इंग्रजी कादंबरी, विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’, आली १९८४ साली. त्याच वर्षी, जानेवारीत, इथे काय चाललं होतं? उरण-जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. सिडकोने नव्या शहरासाठी पंचाण्णव गावांची जमीन घेतली होती आणि मोबदल्यावरून तो लढा पेटला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यातूनच पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना आली, आणि ‘साडेबारा टक्के’ हा शब्द आजही घणसोली, तळवली, गोठिवलीच्या नाक्यानाक्यावर ऐकू येतो. रबाळे-महापे पट्ट्यात एमआयडीसीच्या बाजूला खिडक्या नसलेली डेटा सेंटरं उभी आहेत आणि हाकेच्या अंतरावर गावठाणात तीन-चार मजली घरांच्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत. त्या खोल्यांत राहतं कोण? त्याच सेंटरांचे सुरक्षारक्षक, एसीचे टेक्निशियन, डिलिव्हरीची पोरं. घरमालकाच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता दुसऱ्याच्या ढगातला डेटा थंड ठेवतात. टोकियोला जाऊन तुम्ही काय आणणार आहात?

अजून एक उदाहरण घ्या. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून एक घातक प्रोग्राम सुटला. तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला आणि आपल्या न्हावा-शेव्याला, जेएनपीटीत, त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे संगणक आडवे झाले. कुणी कीव्हमध्ये काही केलं आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली. अशा रांगेतल्या ड्रायव्हरला स्टोव्ह पेटवून डाळ शिजवताना कल्पून बघा. आपण थांबलोय ते कशापायी, हे त्याला कुणीही सांगितलेलं नाही. एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं, आणि त्यात भविष्यकाळ औषधालासुद्धा लागत नाही.

वास्तववादी लिहायचं म्हणजे भविष्य बिनचूक सांगायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचे यजमानही तेच धरून चाललेत, म्हणून त्यांचं बोलणं तुम्हाला लागतं. पण वर म्हटलेल्या त्या १९८४च्या कादंबरीचा लेखक तेव्हा साध्या टाइपरायटरवर लिहीत होता, संगणकाशी त्याचा फारसा संबंधच नव्हता. त्याचे यंत्रांचे तपशील आज जुने झाले, तरी लोक वाचतात. त्यातली कर्जबाजारी, फसलेली, एकमेकांवर विश्वास न ठेवणारी माणसं जुनी झालेली नाहीत. तेव्हा ते २०४१ आधी खोडा. साल देऊच नका. दुसरं म्हणजे, भविष्यात सगळं नवं असतं हा समजही सोडा. तुमच्याच ऑफिसात कुठल्या तरी कोपऱ्यात एक जुनं मशीन असेलच, बंद करायला सगळे घाबरतात असं. तुमच्या पुढच्या काळातल्या नवी मुंबईतही ते चालू ठेवा. वर कागद चिकटवलेला ठेवा: ‘बंद करू नये.’

आणि सगळ्याचा उलगडा झालाच पाहिजे असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ते आठवत असेल. कळवा-पडघा वाहिन्यांतला बिघाड हे तांत्रिक कारण. काही महिन्यांनी राज्याच्या मंत्र्यांनी सायबर घातपाताची शंका बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. कळव्याच्या एखाद्या ऑपरेटरच्या घरी त्या रात्री जेवताना काय बोलणं झालं असेल? वेड लागायची पाळी येईल अशी गोष्ट आहे ती: कुणी शत्रू घुसला होता, की आपल्याच हातून झालं? यातलं काय खरं ते लेखकाने सांगायचं नसतं.

आता नववं प्रकरण, म्हणजे खरं दुखणं. तुमच्या सारांशात ताफ्याचं सॉफ्टवेअर एका रात्री ‘जागं होतं’ आणि स्क्रीनवर विचारतं, “मी कोण आहे?” तुम्हीच लिहिलंय की हे तुम्हाला पटत नाही. पटणार कसं! ज्या बाईने आयुष्यात हजारो लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी, चाळलेत, तिला माहीत असतं की प्रोग्राम असले प्रश्न विचारत नाहीत. जिवंत होणं म्हणजे माणसासारखं बोलायला लागणं, हे तुम्ही गृहीत धरलंय. कृत्रिम जीवावर ज्यांनी खरंच काम केलं त्यांच्या हाती फार वेगळं काही लागलं, आणि ते तुमच्या कादंबरीत जसंच्या तसं बसेल.

टॉम रे नावाचे एक परिसंस्था-शास्त्रज्ञ होते, कोस्टा रिकाच्या जंगलात काम केलेले. १९९०च्या सुमारास त्यांनी संगणकाच्या स्मृतीत एक छोटं जग केलं, नाव टिएरा. त्यात एकच प्रोग्राम सोडला, ८० सूचनांचा. त्याचं काम काय, तर स्वतःची नक्कल करणं. नक्कल करताना अधूनमधून चुका होतील अशी सोय ठेवली, आणि जागा भरत आली की जुने प्रोग्राम मारणारा एक यमदूतही ठेवला. बाकी काही सांगितलं नाही. थोड्या वेळात तिथे ४५ सूचनांचे प्राणी दिसायला लागले. त्यांच्यात नक्कल करणारा भागच नव्हता. ते शेजाऱ्याचा तो भाग वापरून वाढत होते. बांडगुळं! पुढे या बांडगुळांना दाद न देणारे प्रोग्राम आले, मग बांडगुळांवर जगणारे आले. कुणीही ‘मी कोण’ म्हणालं नाही. जागा मिळते आहे तोवर पसरायचं, एवढंच त्यांना येत होतं.

दुसरं उदाहरण तर तुमच्या धंद्यातलं वाटेल. कार्ल सिम्स यांनी १९९४मध्ये संगणकात ठोकळ्यांचे प्राणी ‘उत्क्रांत’ केले. जो जास्त वेगाने पुढे सरकेल त्याला पुढच्या पिढीत जागा. काहींनी चालणं शिकायची तसदीच घेतली नाही. ते उंचच्या उंच झाले आणि नुसते आडवे पडले. पडताना वेग मिळतोच. नियमाप्रमाणे ते पास.

आता तुमच्या ताफ्याकडे या. समजा, वाटा ठरवणारा प्रोग्राम पिढ्यांमागून पिढ्या स्वतःच सुधारत जातो, आणि त्याला गुण मिळतात ते दर तासाला पुऱ्या झालेल्या ऑर्डरींवर. काय होईल? जवळच्या रॅकच्या ऑर्डरी भराभर निघतील. मागच्या कोपऱ्यातला एखादा रॅक कुणी उचलणारच नाही. त्यावर एका म्हातारीच्या श्रवणयंत्राची बॅटरी असेल, ती ऑर्डर ‘प्रक्रियेत’ राहील, दिवसेंदिवस. आकडे उत्तम. महाप्याला टाळ्या. मग एक दिवस तुमच्या नायिकेच्या लक्षात येतं, की चार्जिंगची जागा अडवून बसणाऱ्या रोबोटांचीच चाल पुढच्या पिढीत टिकते आहे, कारण ताजी बॅटरी असलेल्यालाच जवळची कामं मिळतात. १९४८-४९च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी केलेली यांत्रिक कासवं उजेडाच्या मागे फिरायची आणि बॅटरी उतरली की चार्जिंगच्या खोपटात परतायची. लोक त्यांना लाडाने नावं घेऊन हाक मारत. तुमचे रोबोट त्यांचेच वंशज, फक्त आता खोपटं कमी आणि कासवं जास्त.

यात कुणी खलनायक नाही, बंड नाही, आणि तरी त्या गोडाऊनमध्ये काहीतरी जगतंय हे वाचकाच्या अंगावर येईल. सगळ्यात आधी ते कुणाच्या लक्षात येईल? माझी पैज सुपरवायझरवर आहे. तो स्टिकर पुसतो, रोबोटला ढकलतो, आणि एक दिवस त्याला दिसतं की स्टिकर स्वच्छ आहे, तरी हा उभाच आहे. तो फोन करतो. महाप्याहून उत्तर येतं, “डॅशबोर्डवर तर सगळं हिरवं दिसतंय.” हे वाक्य तुम्ही स्वतः कितीदा म्हटलं असेल ते तुम्हालाच ठाऊक.

बाकीचं भराभर सांगते. इंग्रजीत लिहू का? तुमचा सुपरवायझर “चल रे बाबा” म्हणतो. इंग्रजीत काय म्हणणार आहे? ऑफिसातली माणसं ‘रोलबॅक’, ‘टिकीट’, ‘ऑन-कॉल’ म्हणतात, तसंच म्हणू द्या, त्याने मराठी बाटत नाही. एआय एका रात्रीत कादंबरी लिहील? लिहू द्या की. गुळगुळीत फरशीचं गोडाऊन ते नक्की लिहील, तुम्हीही तेच लिहिलं होतं.

त्या खऱ्या माणसाबद्दल मात्र मी घाई करणार नाही. त्याचं नाव बदललं म्हणजे काम झालं असं समजू नका. त्या गोडाऊनमध्ये बनियनचं फडकं वापरणारा तो एकटाच असेल, तर वाचणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला तो ओळखू येईल, आणि त्याची नोकरी कंत्राटावर आहे, तुमची नाही. त्याचं वय, गाव, घरची परिस्थिती बदला. त्याला बाई केलंत तर आणखी बरं, पात्र उघडेल सुद्धा. फडकं ठेवा, पण ते कुणाला दाखवण्याआधी त्याला सांगा. परवानगी मागतोय असा आव नको, चहा घेताना साधं सांगा, “दादा, तुमच्यावरून सुचलंय, वाचून दाखवू का?” तो नको म्हणाला तर फडक्याच्या जागी दुसरं काही शोधा.

कंपनीचं म्हणाल, तर आधी नियुक्तिपत्र काढून वाचा, खास करून गोपनीयता आणि बौद्धिक संपदेची कलमं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाची पहिली मालकी मालकाची. घरी, स्वतःच्या वेळेत लिहिलेली कादंबरी त्यात मोडत नाही. पण काही कंपन्यांचे करार बरेच ऐसपैस असतात, म्हणून शंका वाटली तर एखाद्या वकिलाला फी देऊन दाखवून घ्या. कादंबरी ऑफिसच्या लॅपटॉपवर असेल तर आजच हलवा. ऑफिसचा ईमेल नको, खरे लॉग नकोत, ग्राहकाचं नाव नको, गोडाऊनचा नकाशा तर अजिबात नको. कंपनीतलं काहीही कुठल्या चॅटबॉटला चिकटवून ‘याची गोष्ट कर’ म्हणू नका. हे सगळं त्यांच्याही कामाचं आहे जे बँकेत, हॉस्पिटलात, पोलिसात नोकरी करून रात्री लिहितात. अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात.

नोकरी सोडू नका. पगाराचा मुद्दा आहेच, पण तुमचा कच्चा माल तिथे आहे. सहा महिने घरी बसलात की चिखल, फडकं, हिरवा डॅशबोर्ड हे सगळं आठवणीतून काढावं लागेल, आणि आठवण फरशी पुसून ठेवते. त्याऐवजी भिवंडीला जायची पाळी आली की टाळू नका, उलट मागून घ्या. परतीच्या बसमध्ये फोनवर चार ओळी लिहा: कोण काय म्हणालं, कसला वास होता, काय बिघडलं. अर्थ लावत बसू नका.

कादंबरी तूर्त बाजूला ठेवा आणि ही अडकलेली ऑर्डर आणि न हलणारा रोबोट एवढ्याचीच एक कथा करा, अडीच-तीन हजार शब्दांची. दिवाळी अंकांची पानं पावसाळ्यातच ठरत येतात, तेव्हा जूनच्या आत संपादकांच्या हाती पडली तर बरं. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते, तिथेही पाठवता येईल. टोपणनावाचा संकोच नको. १९७४ साली जयंत नारळीकरांनी, तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते, परिषदेच्या स्पर्धेला आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. नावामुळे परीक्षकांनी वेगळं मोजू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं जगतापांना. तुम्हाला टोपणनाव वेगळ्या कारणासाठी हवंय, पण चालेल.

आणि यजमानांना कथा वाचायला जरूर द्या. फक्त मत विचारू नका. “यात तांत्रिक चूक कुठे आहे ते लाल पेनाने दाखव,” एवढंच सांगा. आयटीतला माणूस आहे, त्याला राहवणार नाही.